धाडकरांनो, जुन्या मतदार याद्या रद्दीत घालू नका

कपाटाची साफसफाई निघाली की सगळ्यात आधी बाहेर पडतात त्या जुन्या मतदार याद्या. कर आकारणीचं रजिस्टर कुणी टाकत नाही, उद्या लागेल म्हणून. प्रोसिडिंग बुक तर कुलपातच असतं. मतदार यादीचं नशीब असं, की नवी आली त्या दिवशी जुनी मेली. मग ती गठ्ठ्यात जाते, गठ्ठा माळ्यावर जातो आणि माळ्यावरून एके दिवशी रद्दीवाल्याच्या काट्यावर. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. निवडणूक झाली, उमेदवार पडला किंवा आला, कागदाचं काम संपलं, असंच सगळ्यांना वाटतं.

माझं म्हणणं असं आहे की कागदाचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. धाड आणि आसपासच्या गावांत, पंचायतीत, शाळेत, माजी सरपंचांच्या ट्रंकेत, जुन्या कार्यकर्त्यांच्या कोठीत ज्या काही याद्या उरल्या असतील त्या आता वाचवल्या पाहिजेत. पाच-दहा वर्षांनी हे आवाहन करायला काही उरणार नाही.

गावाची म्हणून जी कागदपत्रं आपण जपतो ती बघा. सातबारा आणि आठ-अ जमीनवाल्यांची. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर शाळेत गेलेल्यांचं, म्हणजे दोन पिढ्यांपूर्वी बव्हंशी मुलांचं. कोतवाल बुकात जन्म आणि मृत्यू, म्हणजे माणूस आला तेव्हा एक ओळ आणि गेला तेव्हा एक ओळ. मधल्या पन्नास-साठ वर्षांत तो कुठं राहिला, शेजार कुणाचा होता, घरात किती जाणती माणसं होती, हे त्यातून कळत नाही. मतदार यादीला जमीन लागत नाही, शाळा लागत नाही, जात विचारावी लागत नाही. वय भरलं आणि गावात राहत असलं की नाव लागलं. ज्याच्या वाड्यावर गडी साल धरून होता तो पाटील आणि तो गडी, दोघांना त्या कागदावर सारखीच एक ओळ. गावच्या दप्तरात असा दुसरा कागद दाखवा, मी हे आवाहन मागे घेतो.

धाडपुरतं बोलायचं तर या कागदाची किंमत आणखी वाढते, कारण आपलं गाव शिवेवरचं आहे. इथून भोकरदनकडे निघालं की थोड्याच वेळात बुलडाणा जिल्हा संपतो आणि जालना लागतो. आज ती नुसती जिल्ह्याची शीव आहे. १९४८ पर्यंत ती दोन राजवटींची होती. पलीकडे निजामाचा मुलूख, अलीकडे वऱ्हाड. वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच. १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या ताब्यात गेलेलं आणि १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपये खंडानं कायमचं पट्ट्यावर दिलेलं. राज्य इंग्रज करत, मालकी हैदराबादची.

या दुहेरी खात्याचा गमतीदार परिणाम मताच्या हक्कावर झाला. १९१९ च्या कायद्यानं कौन्सिलच्या निवडणुका आल्या, पण वऱ्हाड कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हतं. म्हणून इथं निवडणूक व्हायची, लोक मत द्यायचे, आणि निवडून आलेल्या माणसाला सरकार वर ‘नेमून’ घ्यायचं! वणीचे बापूजी अणे दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बसत ते ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ म्हणून, असेच नेमलेले. निवडून आलेला माणूस नेमलेला म्हणून मिरवतो, हे राजकारण आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेलं आहे.

आणि मत तरी कुणाला? ठरावीक रकमेच्या वर सारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, थोड्याफार शिकलेल्याला. १९३५ च्या कायद्यानं हा हक्क बराच वाढवला, तरी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार झाले सुमारे तीन कोटी. लोकसंख्येतल्या दर दहांत एखाददुसरा. बाईला मत मिळायचं ते बहुधा नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर, अमक्याची बायको किंवा अमक्याची विधवा म्हणून. शिवाय मुसलमान मतदारांची यादी वेगळी आणि इतरांची वेगळी. धाडसारख्या मिश्र वस्तीच्या गावात याचा अर्थ असा, की ज्यांची भिंत एक होती त्यांची यादी एक नव्हती. शेतमजूर, बलुतेदार, गावकुसाबाहेरची वस्ती यांतल्या बहुतेकांचं नाव तर कुठल्याच यादीत नव्हतं. तरी आपण शिवेच्या बऱ्या बाजूला होतो असं म्हणायचं. पलीकडे हैदराबाद संस्थानात जबाबदार राज्यपद्धती मागितली म्हणून १९३८ च्या सत्याग्रहात लोकांना तुरुंगात जावं लागलं.

सगळ्या जाणत्या माणसांना मत द्या, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मांडली होती. ज्यांच्याकडे जमीन नाही, अक्षर नाही त्यांना मत कशाला, हा तेव्हाच्या शहाण्यांचा सवाल होता. बाबासाहेबांचं म्हणणं उलट होतं: ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्यालाच मताची गरज जास्त. ती मागणी कागदावर उतरली ती थेट स्वातंत्र्यानंतर, आणि कशी उतरली हे फार थोड्यांना ठाऊक असतं. राज्यघटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. मतदार याद्यांची तयारी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्येच सुरू झाली होती. फाळणीचे लोंढे अजून येत होते, घटनेचा मसुदा ठरला नव्हता, निवडणूक आयोग जन्मला नव्हता, आणि घटना समितीचं सचिवालय प्रांतांना पत्रं पाठवत होतं की घरोघर जा आणि एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव लिहा. ओर्नित शानी या अभ्यासक बाईंनी २०१८ साली या कामावर अख्खं पुस्तक लिहिलं. ज्या घटना समितीनं हे केलं, ती स्वतः मूठभरांच्या मतावर आलेल्या प्रांतिक सभांनी निवडलेली होती, हेही ध्यानात असू द्या.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी यादी झाली १७ कोटी ३२ लाख नावांची. नाव लिहिणारे कोण? तलाठी, मास्तर, कारकून. लिहून घेताना अडलं ते बायकांच्या नावाशी. परक्या माणसाला आपलं नाव सांगायचं नाही, म्हणून ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगणाऱ्या स्त्रिया लाखांनी निघाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम नियम केला: स्वतःचं नाव नसेल तर नोंद नाही. सुमारे २८ लाख बायकांची नावं त्यापायी गळाली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. आपल्याकडे बाई स्वतःचं नाव सांगायची, तिची जीभ अडायची ती नवऱ्याच्या नावापाशी. उखाण्याशिवाय ते घ्यायचं कसं? आणि यादीत तर पतीच्या नावाचा रकाना. सासू नाहीतर दीर मदतीला आल्याशिवाय किती घरांत तो रकाना भरला असेल, कोण जाणे. सेनांच्या त्या नियमावर मी पुष्कळ विचार केला आहे. कठोर होता, पण बरोबर होता. त्या एका हट्टामुळे आपल्या पणज्यांची नावं सरकारी कागदावर त्यांच्या स्वतःच्या म्हणून आली.

पुढची गोष्ट तर खास धाडची आहे, आणि ती याद्यांच्या मुखपृष्ठावरच वाचता येते. १९५१-५२ च्या निवडणुकीत धाड होतं मध्य प्रदेश राज्यात, राजधानी नागपूर. लोकसभेचा मतदारसंघ बुलडाणा-अकोला, दोन खासदारांचा. १९५७ च्या निवडणुकीला तेच धाड द्विभाषिक मुंबई राज्यात. १९६२ ला महाराष्ट्रात. घर तेच, माणूस तोच, आणि दहा वर्षांत यादीच्या मथळ्यावर तीन राज्यं. पलीकडचं भोकरदन १९५२ ला हैदराबाद राज्यातून मतदान करत होतं आणि १९५६ पासून आपल्याच राज्यात आलं. मराठी माणसाच्या राज्याची भांडणं पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतून शिकायची आपल्याला सवय आहे. धाडच्या तीन याद्या शेजारी ठेवल्या तर ती शाळेतल्या पोरालाही समजावून सांगता येतील. पण त्या तीन याद्या आहेत कुणाकडे?

आता अशी एखादी जुनी यादी हातात आलीच तर काय बघायचं, ते सांगतो. पातळ, पिवळा पडलेला कागद, कोपऱ्याला गंजलेली टाचणी. भाग क्रमांक, मग अनुक्रमांक, घर क्रमांक, मतदाराचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, स्त्री की पुरुष, वय. वयाच्या रकान्यावरून बोट फिरवा: २५, ३०, ३५, ४०, ४५. गावात एकही माणूस ३७ वर्षांचा नसावा असं वाटतं! जन्मतारीख ठाऊक कुणाला होती? पुराच्या वर्षी, दुष्काळाच्या वर्षी, अमक्याच्या लग्नाच्या आगेमागे, असा हिशेब करून लिहिणाऱ्यानं पाचाच्या पाढ्यात वय बसवलेलं. पुढच्या दशकांतल्या याद्यांत ३७ आणि ४२ दिसायला लागले की समजावं, शाळेचा दाखला हातात असलेली पिढी मतदार झाली.

नावं घरांच्या क्रमानं लागलेली असतात, म्हणजे पानं उलटत जाणं हे गल्लीतून चालत जाणंच. कोणतं घर वाढलं, कुठं भावांनी चूल वेगळी केली, कोणत्या ओळीतलं अख्खं कुटुंब पुढच्या यादीत नाही, ते सुरतेला गेलं की भोसरीला, हे त्या गल्लीतला म्हातारा माणूस बोट ठेवून सांगेल. म्हातारा आहे तोवरच सांगेल, हेही खरं.

स्त्रियांच्या नावांकडे मुद्दाम बघा. १९८९ पर्यंत मताचं वय एकवीस होतं. त्या वयाच्या आधी बहुतेक मुलींची लग्नं होऊन जायची. म्हणून जुन्या यादीत धाडच्या लेकी जवळजवळ सापडत नाहीत. सापडतात त्या धाडच्या सुना. लेक माहेरच्या यादीत न येताच थेट सासरच्या यादीत नव्या नावानं उगवते. मार्च १९८९ पासून वय अठरा झालं आणि मुली शिकायला लागल्या, तशा बापाचं नाव लावणाऱ्या मतदार मुली माहेरच्या यादीत दिसू लागल्या असणार. हा बदल कोणत्या वर्षी, कोणत्या गल्लीत आधी आला, हे तपासायला कोणत्याही विद्यापीठाची परवानगी लागत नाही. याद्या लागतात.

सगळ्यात मोलाची प्रत मात्र कोरी नसते. मतदान प्रतिनिधीनं बुथवर वापरलेली यादी हाती आली तर ती सोन्याच्या भावाची समजा. लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणा, ‘मयत’, ‘बाहेरगावी’, ‘दुबार’, एखाद्या नावापुढं प्रश्नचिन्ह. गावाला ओळखणाऱ्या माणसानं एका दिवसात केलेली ती खानेसुमारी आहे.

आता लगेच का, असं कुणी विचारेल. कारण जुना कागद कधी दारात येऊन उभा राहील सांगता येत नाही. २०२३ ला कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि शेजारच्या मराठवाड्यात मोडी-उर्दू दप्तरांवरची धूळ एका रात्रीत झटकली गेली. तोवर त्या गठ्ठ्यांना विचारत कोण होतं? जात पडताळणीला ज्यांनी खेटे घातले त्यांना तारखा पाठ आहेत: विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्याला सातबारा नाही, ज्याचा आजा शाळेत गेला नाही, त्यानं कोणता कागद आणायचा? १९५७ किंवा १९६२ च्या यादीतली एक ओळ अशा घराला फार मोठा आधार ठरू शकते.

आसामात तर नागरिक नोंदणीसाठी २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपर्यंतच्या मतदार याद्या हा एक मुख्य पुरावा ठरला. ज्यांना आजोबाचं नाव आणि त्याच्याशी नातं दाखवता आलं ते तरले. २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. बिहारमध्ये २०२५ साली विशेष सखोल पुनरीक्षण झालं तेव्हा २००३ च्या यादीत नाव असलेल्यांना वेगळी कागदपत्रं द्यावी लागली नाहीत. आई-बापाचं नाव त्यात असलं तरी काम सोपं झालं. प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं वगळली गेली, आणि ती कारणांसह जाहीर करा असं १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. हे पुनरीक्षण देशभर करायचं, असं आयोगाच्या मूळ आदेशातच होतं. त्या पुनरीक्षणाच्या बाजूचे असा की विरोधातले, वीस वर्षांपूर्वीचं एक पान घरात असणं कुणाच्याही फायद्याचंच.

यावर हमखास एक उत्तर मिळतं: सगळं तर आता मोबाइलवर आहे. आहे, आजचं आहे. छापील, टंकलेखित, हातानं दुरुस्त केलेल्या याद्या बहुतांशी त्या मोबाइलच्या जन्माआधीच्या आहेत. दुसरं उत्तर: सरकार ठेवतंच की. तेही अर्धंच खरं. मतदार नोंदणी नियम, १९६० प्रमाणे प्रत्येक मतदारसंघाच्या यादीची एक प्रमाणित प्रत कायम जपायची आहे. बाकीच्या प्रती आणि कागद मुदत संपली की निकालात काढता येतात. म्हणजे एका प्रतीच्या भरवशावर सगळं. शिवाय धाडच्या माणसाला ती शोधायची कुठं? तालुका बुलडाणा, विधानसभा मतदारसंघ आज चिखली. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवायला याहून सोयीचा पत्ता नाही. ज्या इंग्रजांनी आपल्याला मत मोजून मापून दिलं, त्यांच्या देशात १९४७ पासूनच्या सगळ्या मतदार याद्या ब्रिटिश लायब्ररीत नीट लावून ठेवल्या आहेत आणि आपला आजोबा शोधायला लोक तिथं जातात.

तेव्हा कामाला लागू या. सुरुवात सरकारी दारापासून नको, घरांपासून करू. निवृत्त गुरुजी आणि तलाठी, ज्यांनी नोंदणीची कामं केली. माजी सरपंच, सदस्य, पडलेले उमेदवारसुद्धा. पडलेला उमेदवार यादी जास्त जपून ठेवतो, पुढच्या वेळेसाठी. प्रत्येक पक्षाचा जुना बुथवाला. त्यांच्या घरी जाताना कॉलेजातली दोन पोरं सोबत न्या आणि काकूंना आधी विचारा, कारण माळ्यावर काय आहे ते त्यांनाच माहीत असतं. रद्दीवाल्या दादांनाही सांगून ठेवा: मतदार यादी आली तर बाजूला काढा, रद्दीपेक्षा चार रुपये जास्त देऊ.

यादी मिळाली की ती लॅमिनेट करू नका. पट्टीही चिकटवू नका; दहा वर्षांत डिंक कागद खातो. गंजलेली टाचणी अलगद काढा, पानं सुती दोऱ्यानं सैल बांधा, सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच, ओल नसलेल्या जागी ठेवा. भिंतीला टेकवू नका, वाळवी भिंतीतूनच येते. दिवसाच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, प्रत्येक पानाचा सरळ वरून फोटो घ्या, कोरं पानही सोडू नका. फोटोंच्या प्रती निदान तीन ठिकाणी हव्यात: पंचायतीत, शाळेत आणि गावाबाहेर नोकरीला असलेल्या एखाद्या धाडकराकडे. ज्याची यादी त्याला मूळ कागद परत द्यायचा असेल तर देऊन टाका, फोटो पुरेत.

एक पथ्य मात्र पाळायचं. अलीकडच्या, फोटो असलेल्या याद्या गावाच्या ग्रुपवर टाकायच्या नाहीत. जिवंत माणसांची नावं, वयं, घरं कुणाच्याही हाती मोकळी सोडणं बरं नाही. या संग्रहाचा प्रचाराला वापर होणार नाही, हेही आधीच ठरवून टाका, नाहीतर पहिल्या निवडणुकीतच संग्रह कुणाच्या तरी गटाचा होऊन बसेल.

सरकारी बाजू त्यानंतर. त्याच १९६० च्या नियमांत याद्या पाहण्याचा आणि फी भरून प्रमाणित नक्कल मागण्याचा हक्क आहे. बुलडाणा तहसील आणि चिखलीचे मतदार नोंदणी अधिकारी, दोघांकडे एकाच दिवशी लेखी अर्ज द्या म्हणजे टोलवाटोलवी कमी होईल. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. त्यात ‘याद्या द्या’ असं न लिहिता ‘कोणत्या वर्षांच्या याद्या कुठं जतन आहेत आणि कोणत्या नष्ट केल्या, त्याचे आदेश दाखवा’ असं विचारा. १९४७ पूर्वीच्यासाठी नागपूरचं पुराभिलेखागार गाठावं लागेल. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं दप्तर तिथं आहे.

आणि हे सगळं व्यक्तीच्या उत्साहावर ठेवू नका, ग्रामसभेच्या नावावर करा. २५ जानेवारीला मतदार दिनाची शपथ होते, दुसऱ्या दिवशी ग्रामसभा असते. विषयपत्रिकेवर हा विषय आधी लेखी द्यावा. ठराव असा मांडता येईल: ‘धाड गावच्या सन १९५१ पासूनच्या विधानसभा, लोकसभा, जिल्हा परिषद व ग्रामपंचायत मतदार याद्यांच्या उपलब्ध प्रती ग्रामपंचायतीने संकलित करून जतन कराव्यात, यापुढे कोणतीही जुनी मतदार यादी ग्रामसभेच्या परवानगीवाचून निकालात काढू नये, संकलित याद्यांची नोंदवही ठेवून ती दर वर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी.’ सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन वेगवेगळ्या पक्षांची माणसं शोधा, त्यातली एक बाई असेल असं बघा.